एकही एरर नाही, मॅडम

माझ्याकडं मदत मागणारा माणूस नेहमी एररची शेवटची ओळ पाठवतो. मोबाईलनं पडद्याचा फोटो काढतो, तोही तिरका, त्यावर ट्यूबलाईटची पट्टी चमकत असते, आणि खाली लिहितो, ‘मॅडम, हे काय आलंय बघा.’ मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आलेय. बाबा रे, सगळ्यात वरची ओळ पाठव. खालची सगळी पिलावळ त्या पहिलीच्या पोटातून निघालेली असते. पहिली दुरुस्त केली की निम्म्या आपोआप जातात. पण नाही. वर जायला ह्यांचं बोट दुखतं.

अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा निरोप आला तेव्हा सांगितलं होतं, कामातल्या गमतीजमती येऊ द्या, वाचकांना ह्या विषयाची धास्ती असते, हसतखेळत लिहा. गमती आहेत, नाहीत असं नाही. पण आधीच सांगून ठेवते, हा लेख हसतखेळत संपणार नाही. एका फुग्यापायी माझं डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही, आणि ते यावं अशी माझी फारशी इच्छाही नाही.

आधी काम काय ते सांगते, कारण येडशीत माझ्या शेजाऱ्यांनाही ते कळलेलं नाही. ते मला कॉम्प्युटरवाल्या बाई म्हणतात आणि बंद पडलेला प्रिंटर घेऊन येतात. मी आयुष्यभर पुण्यात नोकरी केली, मुदतीच्या आधीच निवृत्ती घेऊन गावी आले आणि तेच काम घरून करते. जुने प्रोग्रॅम लिनक्सवर, म्हणजे आताची मशीनं चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीवर आणायचे. खिडक्या, बटणं, चित्रं, नकाशे असलेले प्रोग्रॅम, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी भलत्याच मशीनसाठी लिहिलेले. ती मशीनं भंगारात गेली. लिहिणारे कुठं आहेत, आहेत की नाहीत, कुणाला ठाऊक नाही. पण तो प्रोग्रॅम कुणाला तरी हवा असतो, कारण तसा दुसरा कुणी केलेलाच नसतो.

माणूस प्रोग्रॅम लिहितो ती भाषा वेगळी, मशीनला कळते ती वेगळी. मधे कंपायलर नावाचा दुभाषा असतो. त्याला काही उमगलं नाही की तो थांबतो, आणि कुठल्या फाईलीत, कुठल्या ओळीवर, काय अडलं ते लिहून देतो. त्यालाच एरर म्हणतात. लोक घाबरतात त्याला. मला कधी भीती वाटली नाही. घरातल्या माणसांपासून हापिसातल्या साहेबांपर्यंत, बाई तुझं नेमकं इथं चुकलंय असं इतकं स्वच्छ मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

कधी तो म्हणतो, तू म्हणतेस ती फाईल ह्या मशीनवर नाहीच. कधी सगळं भाषांतर करून होतं आणि शेवटच्या जोडणीला म्हणतो, ह्या नावाचं काम करणारं कुणी मला सापडलं नाही. काम करणारा असतो, पण आपण त्याला रांगेत चुकीच्या जागी उभं केलेलं असतं. मागणारा आधी आणि देणारा नंतर, असं उभं केलं की मुकाट जोडून देतो. कधी जुन्या लिहिणाऱ्यानं ढिलाई केलेली असते, तेव्हाचा दुभाषा असू दे म्हणून सोडून द्यायचा, आताचा सोडत नाही. ह्यात जादू काही नाही. वाचायचं, समजून घ्यायचं, एकेक सोडवायचं. चिकाटी लागते आणि बूड खुर्चीला लागतं.

पण एरर घालवायचा आणखी एक रस्ता आहे, आणि आपल्याकडं तो हमरस्ता झालाय. दुभाषा ज्या ओळीवर अडतो ती ओळच पुसून टाकायची. मग तो पुढच्या ओळीवर अडतो. तीही पुसायची. पुसत पुसत गेलं की शेवटी तो गप्प बसतो. मग कपाळाचा घाम पुसून साहेबाला सांगायचं, झालं, बिल्ड पास, म्हणजे दुभाषा कुठं अडला नाही.

कळंबच्या एका सर्व्हेअरना नकाशे काढायचा प्रोग्रॅम असाच कुणीतरी ‘करून’ दिला होता. नकाशा सुरेख यायचा. फक्त बांध जमिनीवर कितीही वाकडा असला तरी कागदावर सरळ यायचा, कारण वळण मोजणारा भागच पुसलेला होता. मी ते दाखवल्यावर सर्व्हेअर म्हणाले, राहू द्या मॅडम तसंच, भांडणं तरी कमी होतील. तेव्हा मी पोट धरून हसले होते. पुढं हसायची सोय राहिली नाही.

धाराशिवात कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा आहे. तिथं मुलांना बोलायला शिकवणारी कांचन माझी शाळूसोबतीण. आता निवृत्तीला टेकलीय, गुडघे कुरकुरतात, पण मुलांसमोर जमिनीवरच बसते. तिच्याकडं फार जुन्या काळी कुठल्याशा संशोधन संस्थेनं देऊन टाकलेलं एक धूड मशीन होतं आणि त्यावर फुग्याचा प्रोग्रॅम होता. पडद्यावर निळं आभाळ, खाली हिरवी पट्टी, पट्टीवर लाल फुगा. मुलानं माइकमध्ये आवाज काढला की फुगा वर जायचा, आवाज टिकला तर वर टिकायचा, थांबला की खाली यायचा. बस, एवढंच.

एवढंच म्हणते, पण ज्याला ऐकू येतं त्याला ह्याचं मोल कळायचं नाही. आपण बोलतो तेव्हा आपलंच बोलणं कानावर पडतं, म्हणून आपल्याला कळतं आवाज निघाला. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला गळ्यातून आवाज निघाला की नुसता वारा निघाला हेच कळत नाही. कांचन त्यांचा हात आपल्या गळ्यावर ठेवून थरथर दाखवायची, मग त्यांच्या स्वतःच्या गळ्यावर ठेवायची. ते जमायला फार वेळ लागायचा. फुगा आला आणि मुलांना आपला आवाज डोळ्यांनी दिसायला लागला.

त्या मुलांत दुर्गा नावाची एक पोर होती, येरमाळ्याची. तिच्या आईचं, सुमनचं, हायवेला चहाचं हॉटेल आहे. बाप ट्रकवर असतो, घरी कमीच. दुर्गा शाळेत राहायची आणि सुट्टीला घरी जायची. जुन्या मशीनवर ती आवाज काढायला शिकली. शब्द असा न्हवताच तो, नुसता लांबलचक ‘आऽ’. पण एका सुट्टीत सुमन हॉटेलामागं कपबश्या विसळत होती आणि मागून तो ‘आऽ’ आला. तिनं वळून पाहिलं तर दुर्गा तिच्याचकडं बघून तोंड उघडून उभी. सुमननं कांचनला सांगितलं, बाई, हिनं मला हाक मारली. तोवर पोर काही हवं असलं की येऊन पदर ओढायची. गाड्यांच्या रस्त्यावर राहणाऱ्या बाईला, लेक हाक मारू शकते ह्याचा केवढा धीर वाटला असेल, ते मी वेगळं सांगत नाही.

मग जुनं मशीन गेलं. आतल्या सर्किटच्या पाटीवरचे भाग फुगले आणि ते कायमचं बसलं. त्याच सुमाराला कुठल्याशा योजनेतून शाळेला नवी मशीनं मिळाली, त्यावर लिनक्स. जुना प्रोग्रॅम त्यावर आणून द्यायचं काम मशीनं पुरवणाऱ्या कंपनीकडंच गेलं. आमच्याकडं असल्या कामाची एक ठरलेली रीत आहे. आधी उद्घाटनाची तारीख ठरते, पाहुणे ठरतात, मंडपवाल्याला सांगावा जातो, आणि सगळ्यात शेवटी ज्यानं काम करायचं त्याला कळवतात. उद्घाटन दणक्यात झालं. नारळ फुटला, मशीनच्या डोक्यावर हार घातला, एका पाहुण्यानं स्वतः तोंड उघडून फुगा वर नेला आणि टाळ्या घेतल्या. मी त्या कार्यक्रमाला न्हवते. असते तर तिथंच शोभा केली असती.

पुढच्या उन्हाळ्यात कांचनचा फोन आला. आवाज पडलेला. म्हणाली, सुमन भांडून गेली. दुर्गा घरी हाक मारत नाही, परत पदर ओढायला लागलीय. आणि इथं शाळेत तर ती सगळ्यांत पुढं आहे, तिचा फुगा रोज आभाळाला टेकतो. कांचनलाही वाटत होतं की पोरीचा आवाज ऐकू येत नाही. तिनं कंपनीला विचारलंही होतं. ते म्हणाले, नवा माइक फार नाजूक आहे, आपल्या कानाला येत नाही ते त्याला येतं. वर्गात पंखे घरघरतात, इतर मुलांचा कालवा असतो, कांचनचं वय झालेलं. तिनं स्वतःच्या कानावरचा विश्वास सोडला आणि पडद्यावर ठेवला. तिला तेवढं एकदा मशीन बघून हवं होतं.

मी येडशीहून एसटीनं गेले. कांचननं दुर्गाला बोलावून समोर बसवलं. लाल रिबिनी, शर्टाचं एक बटण तुटलेलं, बसण्यात मात्र पहिल्या नंबराचा रुबाब. कांचननं कळ दाबली. दुर्गानं मान ताणून तोंड भलं मोठं उघडलं. फुगा हळूहळू वर चढला, जरा थरथरला, आभाळाला टेकला. कांचननं टाळ्या वाजवल्या. दुर्गा माझ्याकडं बघून हसली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. तिच्या तोंडून श्वासाखेरीज काही आलेलं न्हवतं.

मला पहिल्यांदा वायरीवरच संशय येतो, ती सवय. मी खाली वाकून मशीनच्या मागं हात घातला. माइकची पिन मशीनमध्ये न्हवतीच. ती टेबलामागं लोंबत होती, तिच्यावर धूळ बसलेली.

मी कांचनला म्हटलं, परत कळ दाब. तिनं दाबली. दुर्गा तोंड उघडायच्या आत फुगा निघाला वर. मी पिन हातात धरून कांचनला दाखवली. तिला लगेच उमगलं नाही. मग उमगलं. तिनं पुन्हा कळ दाबली, पुन्हा फुगा गेला. ती म्हणाली, “म्हणजे इतके दिवस फुगा मी वर नेत होते.”

कंपनीनं प्रोग्रॅमच्या मूळ फाईली मशीनवरच टाकून दिल्या होत्या, झाकायची तसदीही घेतली न्हवती. जुन्या आणि नव्या शेजारी शेजारी उघडल्या आणि सगळं दिसलं. जुन्या मशीनला आवाज आत घ्यायची स्वतःची पद्धत होती. त्यासाठीची फाईल लिनक्सवर नसते. दुभाष्यानं पहिल्याच ओळीला सांगितलं असणार, ही फाईल नाही. म्हणजे काय, तर आवाजाचा सगळा भाग नव्या पद्धतीनं लिहावा लागेल. इतकं सरळ, इतकं नेमकं सांगितलं होतं त्यानं. ह्यांनी ती ओळ पुसली. मग आवाज मागणाऱ्या सगळ्या ओळी अडल्या, त्याही पुसल्या. शेवटी उरला एक छोटा तुकडा, ज्याचं काम होतं आता आवाज किती मोठा आहे ते सांगणं. त्याच्या पोटात मोजणं राहिलंच न्हवतं, म्हणून त्यांनी तिथं आपल्या मनानं चढत जाणारे आकडे लिहून दिले. शेजारी शेरा मारला, ‘तात्पुरतं’.

इथवर असतं तरी मी त्यांचा निगरगट्टपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या चढत्या आकड्यांत मधून मधून थोडा कमीजास्तपणा घातला होता, फुगा जरा थरथरावा, खरा वाटावा म्हणून. हे चुकून होत नाही. घाईत होत नाही. त्यासाठी माणसाला शांतपणे बसून विचार करावा लागतो की खोटं कसं दिसलं म्हणजे पकडलं जाणार नाही.  ज्या पोरीला कानानं खरंखोटं करता येत नाही, तिच्यासमोर हे ठेवलं होतं.

आणि त्या खोट्या फुग्यानं केलं काय, तेही सांगते. आवाज काढायला जोर लागतो. पोटातून लागतो. तो जोर न लावताही फुगा वर जातोय, टाळ्या मिळतायत, तर कुठलं मूल जोर लावेल? तिनं हळूहळू आवाज सोडला आणि नुसतं तोंड ठेवलं. तिच्या लेखी बोलणं म्हणजे तेच. घरी येरमाळ्याला ती आईच्या पाठीमागं उभी राहून तसंच तोंड उघडत असणार, आणि आई वळत नाही म्हणून शेवटी पदर ओढत असणार. कांचन म्हणाली, ही वयं अशी असतात की आवाज आत्ता रुळला तर रुळला, सुटला तर परत यायचा भरवसा देता येत नाही.

प्रोग्रॅमवर ज्याचं नाव होतं तो निनाद नावाचा इंजिनिअर. कांचनकडून नंबर घेऊन मी फोन लावला. आवाज गोड, वागणं अदबीचं. मी विचारलं, फुग्याचं काम तुम्ही केलंत का? तर म्हणाला, “हो ना. एकही एरर नाही, मॅडम. वॉर्निंगसुद्धा नाही.” माझ्या कानात अजून तो सूर आहे. अभिमान होता त्यात. मी विचारलं, आवाज कुठून घेतो तुमचा प्रोग्रॅम?  मग म्हणाला, तो भाग दुसऱ्या टप्प्यात होता, उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून दाखवण्यापुरतं तसं केलं, पुढं दुसरा टप्पा मंजूरच झाला नाही. मी म्हटलं, मग शाळेला सांगितलं का नाही? तर म्हणाला, “मुलं खूश होती, मॅडम.”

मी त्याला काय काय बोलले ते इथं छापता यायचं नाही. बोलून माझी तसल्ली झाली असंही नाही. कारण तो काही गुंड न्हवता, त्याच्या आयुष्यात त्याला हेच शिकवलं गेलं होतं की वरच्याला गप्प करता आलं म्हणजे काम झालं. दुभाषा असो की साहेब.

योजनेच्या साहेबांकडंही जाऊन आले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, उद्घाटन झालेली वस्तू बिघडलेली आहे असं आता कसं म्हणायचं? मी म्हटलं, बिघडलेली नाही साहेब, ती कधी बनवलीच नाही. ते म्हणाले, तेच तर आणखी अवघड आहे. मी उठले. पाणी प्यायले नाही एवढीच माझी मर्दुमकी. कांचन मात्र खमकी निघाली. तिनं मशीनच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, तू कर, कुणी विचारलं तर मी बघून घेते.

मग मी जुन्या फाईली घेऊन मुळापासून सुरू केलं. वरची ओळ आधी. आवाजाची फाईल नाही, बरोबर आहे, नसणारच. तो भाग लिनक्सच्या पद्धतीनं नव्यानं लिहिला. मग जुन्या ढिलाया एकेक करून बांधल्या. सगळं भाषांतर झालं, जोडणीही झाली, प्रोग्रॅम उघडला आणि तिथंच मेला. त्याचं कारण असं, की मशीनच्या आत प्रत्येक गोष्टीला पत्ता असतो. नव्या मशीनमध्ये पत्ते लांब झालेत. जुना प्रोग्रॅम ते आखूड डब्यात कोंबत होता, शेपूट तुटत होतं, आणि तुटका पत्ता घेऊन तो भलत्याच घरात शिरत होता. असे डबे शोधून काढले, मोठे केले.

मग उघडला तर फुगा काळा ठिक्कर. जुन्या प्रोग्रॅमला मोजक्या रंगांची पाटी लागायची, आताच्या पडद्याला तसली पाटीच नसते. रंग मागायची रीत बदलली, फुगा लाल झाला. माइक लावला. खोलीत चिडीचूप, आणि फुगा सुसाट वर जाऊन आभाळात थयथया नाचतोय.  ह्या वेळी दुभाषा एका शब्दानं तक्रार करत न्हवता, आणि तरी फुगा खोटं बोलत होता. म्हणजे बिल्ड पास झाला म्हणून मी उठले असते तर माझ्यात आणि निनादमध्ये फरक काय राहिला असता?

ते कोडं असं होतं. आवाजाचा प्रत्येक आकडा दोन तुकड्यांत येतो. जुन्या मशीनमध्ये मोठा तुकडा आधी यायचा, नव्यात लहान तुकडा आधी. माझा प्रोग्रॅम अजून जुन्याच रीतीनं वाचत होता. बारा लिहिलेलं एकवीस वाचावं तसं. म्हणून शांततेतले चिमुकले आकडे त्याला प्रचंड दिसत होते. क्रम बदलला आणि फुगा मुकाट हिरव्या पट्टीवर येऊन बसला. मी ओरडले, कांचे! फुगा उडाला. गप्प बसले, खाली आला. तोंड नुसतं उघडलं, जागचा हलला नाही. कांचननं मला मिठी मारली. मला वाटलं, जिंकलो.

त्या शनिवारी मुलांना सुट्टी लागली. सुमन दुर्गाला न्यायला आली होती. कांचननं तिला सगळं सांगितलेलं होतं, तिनं ऐकून घेतलं होतं आणि एक शब्द बोलली न्हवती. ती आतही येईना, दाराशीच पिशवी घेऊन उभी राहिली. दुर्गा येऊन आपल्या खुर्चीवर बसली, तोच पहिल्या नंबराचा रुबाब. कांचननं कळ दाबली. दुर्गानं मान ताणून तोंड उघडलं.

फुगा पट्टीवरच.

तिनं पडद्याकडं पाहिलं, आणखी मोठं उघडलं. काही नाही. तिनं स्वतः पुढं होऊन कळ दाबली, दोनदा, जोरात. मग ती वळली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. गेले कित्येक दिवस तिनं मलाच त्या मशीनवर वाकलेलं पाहिलं होतं. तिनं हातानं काहीतरी झटकन सांगितलं. मला ती भाषा येत नाही, पण हे कळलं. मोडलं, तू.

कांचन तिच्यासमोर खाली बसली आणि हातांनी तिला सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती. दुर्गा तिच्या हातांकडं बघत राहिली. मग तिनं एकच काहीतरी विचारलं. कांचनचे हात थांबले. मी म्हटलं, काय म्हणतेय? कांचन माझ्याकडं न बघता म्हणाली, “विचारतेय, आधी फुगे वर गेले त्यातला एक तरी माझा होता का?”

मी म्हटलं, खरं ते सांग. दुसरं काही सांगायचा आता आपल्याला हक्क नाही. कांचननं मान खाली घातली आणि हातानं नाही म्हणून सांगितलं. जुन्या मशीनवरचे मात्र सगळे तुझे होते, असं ती पुढं सांगत होती, पण दुर्गानं नजर काढून घेतली होती. ह्या मुलांना ऐकायचं नसलं की ती बघणं बंद करतात, मग तुम्ही काही करा.

ती उठली आणि सरळ माझ्यावर आली. दोन्ही मुठींनी माझ्या पोटावर मारायला लागली. कंपनीवाला तिनं पाहिलेला न्हवता, साहेब पाहिलेला न्हवता, तिच्यासमोर मीच होते, आणि तिचा फुगा मी खाली आणला होता. मारता मारता तिच्या गळ्यातून आवाज निघाला. आधी घोगरा, फाटका, मग मोठा. पोटातून येत होता. शब्द न्हवता, सूर न्हवता, नुसता संताप होता, आणि तो थांबत न्हवता. तिच्या पाठीमागं फुगा आभाळाला टेकून तिथंच राहिला होता. तिला तो दिसत न्हवता. तिचं सगळं लक्ष मला मारण्यात होतं, आणि मलाही तिला वळवून दाखवायचं सुचलं नाही.

कांचन गडबडीनं उठली आणि तिला आवरायला पुढं झाली. तेव्हा सुमन दारातून पहिल्यांदा बोलली.

“धरू नका, बाई,” ती म्हणाली. “म्या ऐकतीय.”